बाप जिता असताना उतरलेली मिशी

अग्निशमन दलात बिभीषणला त्याच्या गलमिशांवरून ओळखत. ओठावरून निघून, गालांवर पसरून थेट कल्ल्यांना मिळालेल्या त्या मिशांना रोज सकाळी तेल लागे. बंबालाही इतक्या नेमानं लागत नसे.

गाद्यांच्या गोदामाला आग लागली, तेव्हा बिभीषण आणि दलातलाच राम जोडीनं आत शिरले. निम्म्या वाटेवरच बिभीषणच्या सिलेंडरची शिट्टी वाजली. हवा संपत आली होती. रामची शिट्टी गप्प. रामनं त्याला पट्ट्याला धरून बाहेर खेचलं आणि मागं छत खाली आलं.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या अधिकारी तनुजा मॅडमनी त्याचा हवेचा मास्क पुढ्यात ठेवला. "हा कातडीला चिकटतो, केसांना नाही. तुमची निम्मी हवा गालावरून पळाली. मिशी ठेवा, गाल साफ करा. नाहीतर आत जायचं नाही."

"मॅडम, बाप जिता हाये माझा."

"म्हणूनच सांगते."

आपल्यात मिशी बाप गेल्यावरच उतरते, हे मॅडमना समजावण्यात अर्थ नव्हता. बिभीषण न्हाव्याकडं गेला. गाल निघाले, पण मिशीची डावी बाजू जड वाटली. मग उजवी. दोन्ही बाजूंना सारखा न्याय मिळाला, तेव्हा मिशी उरली नव्हती.

रविवारी तो गावी, देवगाव रंगारीला, एसटीतून उतरला. फाट्यावर साळूआत्या उभी होती. तिनं भाच्याचं तोंड पाहिलं, डोक्यावरची पाटी टाकली आणि "माझ्या भावा रं!" म्हणून हंबरडा फोडला. घर येईस्तोवर मागं निम्मी आळी जमली.

त्याचे वडील, भिकनबाबा, ओट्यावर चहा पीत होते. मेंढरांमागं जन्म गेलेला. एवढी गर्दी बघून ते घाबरले नाहीत, मोजायला लागले. बिभीषणनं खाली मान घालून शिट्टीपासून सगळं सांगितलं. आत्यानं भाऊ जिवंत पाहिला, पण सूर लागला होता, थांबवेना.

"रडू दे तिला," बाबा म्हणाले. "दिवाळीपासून माझ्याशी बोलत नव्हती."

मग लेकाकडं वळून म्हणाले, "अन् तू रं? मिशी वाचली असती अन् तू गेला असता, तर ती काय मी डकवून फिरलो असतो?"

आता बिभीषण रोज दाढी करतो. मिशी परत आली आहे, पण ओठाबाहेर पाऊल टाकत नाही. गलमिशा बाबांनी राखायला घेतल्यात. घरात एक जोडी पाहिजे, म्हणतात, आणि मला कोण आगीत धाडतंय?