पिंजऱ्यातली सुकट

सर्व सन्माननीय रहिवाशांनी हातातली कामं बाजूला ठेवून, शक्य असल्यास उभं राहून, पुढील मजकूर ऐकावा. गेल्या वर्षी श्रावण लागला त्याच आठवड्यात, मुलुंड पूर्वेच्या आमच्या सात मजली सोसायटीला असा ऐतिहासिक शोध लागला, की तिच्या आवारात मांजरं आहेत.

मांजरं त्याआधीही होती. इमारत उभी राहायच्या आधी, विटांच्या ढिगावरही ती बसलेली असत. पण आमच्याकडे एखादी गोष्ट नोटीस बोर्डावर लागेपर्यंत ती अस्तित्वात आली असं कुणी मानत नाही. त्या आठवड्यात ती लागली. ‘भटक्या मांजरांचा वाढता उपद्रव’ असा मथळा, खाली सोसायटीचा शिक्का आणि चेअरमनची सही. सहीखाली दोन रेघा. एका रेघेवर या माणसाचं कधी भागलेलं नाही.

उपद्रव वाढत नव्हता, हे मी शपथेवर सांगेन, कारण तो वाढू नये म्हणून दोन वर्षं राबणारी माणसं दोनच होती. एक मी, आणि दुसऱ्या माझ्या शेजारच्या, तळमजल्यावरच्या मालवणी काकू. काकूंचा नवरा परळच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर ते इकडे आले, आणि काकूंनी पहिल्या दिवशी चूल कुठे मांडायची ते नंतर ठरवलं, मांजराची ताटली कुठे ठेवायची ते आधी.

बाकी सोसायटी प्राणिप्रेमी आहे. लिफ्टमध्ये ‘सो क्यूट’ म्हणता आलं की आमच्याकडे प्राणिप्रेमी होता येतं. तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई कुंपणाच्या भिंतीवर दूधभात थापून निघून जात, आणि मग दिवसभर तिथे मुंग्यांचं संमेलन भरे. कुणाच्या गाडीच्या बॉनेटवर पावलं उमटली की हीच प्रेमळ मंडळी काठी शोधत फिरत. खरं काम कंटाळवाणं असतं. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात खायला द्यायचं, अर्ध्या तासात ताटल्या उचलून जागा धुवायची. एकेका मांजराला एक दिवस उपाशी ठेवून पिंजऱ्याने पकडायचं, पिंजऱ्यावर चादर टाकायची म्हणजे ते घाबरत नाही, रिक्षाने दवाखान्यात न्यायचं. नसबंदी झाली की डॉक्टर बेशुद्धीतच डाव्या कानाचं टोक छाटतात, म्हणजे लांबूनही कळतं की याचं झालं आहे. जखम भरली की ते पुन्हा त्याच जागी आणून सोडायचं. त्याच जागी, कारण जागा रिकामी ठेवली तर पलीकडच्या गल्लीतली नवी टोळी आठवड्याभरात मुक्कामाला येते आणि पिल्लांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. हे मी सोसायटीत निदान चाळीस वेळा समजावलं असेल. चाळीसही वेळा समोरच्याने मान डोलावून विचारलं, “पण मग परत कशाला आणता?”

आमची अकरा मांजरं होती. दहांचे कान छाटून झाले होते. उरली होती एक.

पण आधी चेअरमन. बँकेतून निवृत्त, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे पाहायची सवय, जणू तिथे खातं क्रमांक लिहिलेला आहे. त्यांनी त्या वर्षी कडक श्रावण धरला होता. आम्हाला हे माहीत होतं, कारण त्यांनी ग्रुपवर कळवलं होतं. आमच्या सोसायटीत जवळपास सगळेच श्रावण पाळतात. गटारीला ताटं भरभरून खातात आणि दुसऱ्या दिवसापासून गणपती जाईपर्यंत मासळीचं नाव काढत नाहीत. मी स्वतः पाळत नाही, पण काकूंच्या शेजारी राहते, म्हणजे पाळतेच. तरी कुणी त्याचं निवेदन काढत नाही. चेअरमन मात्र रोज सकाळी देवाचा फोटो, आणि दुपारी सव्वादोनला ‘पंप तपासला. ओके.’ पंप रूमची किल्ली त्यांच्याखेरीज कुणाकडे नव्हती, आणि श्रावणात त्यांची पंपावरची माया अचानक वाढली होती. दीड वाजता मार्केटमधून बेलाची पिशवी घेऊन यायचे, दोनला पंप रूममध्ये जायचे आणि पंधरा मिनिटांनी कर्तव्य केल्याच्या चेहऱ्याने बाहेर पडायचे. फक्त सोमवारी नाही. सोमवारी त्यांचा शंकराच्या देवळात अभिषेक असे.

नोटीस लागली तशी मी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं. काकू माझ्या मागे होत्या.

“मॅडम, आम्ही काय क्रूर नाही,” ते माझ्या कपाळाला म्हणाले. “माणूस बोलावलाय. तो पोत्यात भरून देवनारला कचऱ्याच्या डंपिंगच्या बाजूला सोडून येईल. तिथे खायला मुबलक आहे.”

“असं उचलून दुसरीकडे टाकता येत नाही. कायदा आहे.”

“कायदा गेटच्या बाहेर. गेटच्या आत बाय-लॉज.”

“आणि तुका खय सोडूचा?” काकूंनी मागून विचारलं. “तुझी पण काय व्यवस्था बघूक होयी मा.”

ते ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस तरबेज असतो. त्यांनी आम्हाला सवलत दिली. सर्वसाधारण सभा होती तिसऱ्या श्रावणी सोमवारी संध्याकाळी, रविवारी पार्किंगमध्ये कुणाच्या तरी बारशाचा मांडव असल्यामुळे. “सभेपर्यंत अकराच्या अकरांचे कान छाटलेले दाखवा, मी नोटीस मागे घेतो. एक जरी राहिलं, तर ठराव पास आणि मंगळवारी सगळी देवनारला.”

हे बोलताना त्यांना हसू आलं. मला ते तुच्छतेचं वाटलं. मी त्या वेळी त्यांना फार कमी ओळखत होते.

उरलेली ती एक म्हणजे तिरंगी. काळा, पांढरा आणि नारिंगी असे तीन रंग, आणि माणूस म्हटला की दहा हात लांब. पंप रूमच्या मागे राहायची. दोन वर्षांत मी तिला हात लावला नव्हता, आणि तिने मला त्या लायकीचं मानलंही नव्हतं. तिच्यापायी बाकीच्या दहांचा मुक्काम उठणार होता. डंपिंगवर आमची ही ताटलीवर वाढलेली मंडळी चार दिवस काढतील असं मला वाटत नव्हतं, आणि काकू तर त्याबद्दल बोलायलाच तयार नव्हत्या.

पिंजरा लावताना एकच नियम असतो: मांजर उपाशी पाहिजे आणि आमिष वासाचं पाहिजे. पहिल्या आठवड्यात आम्ही पनीर लावलं. तिरंगी आली, पनीर बघून मिशा फेंदारल्या आणि गेली. मग दुकानातलं मांजरांचं पाकिटातलं खाणं लावलं. ते बोक्यांनी बाहेरून पंजा घालून ओढलं. तिरंगी भिंतीवर बसून बघत होती, एखाद्या सवाई प्रेक्षकासारखी. तिच्या कोपऱ्यातलं खाणं आम्ही बंद केलं होतं, दूधभातवाल्या बाईंना देवाची शपथ घातली होती, तरी तिचं पोट टम्म. फक्त सोमवारी ही बया सकाळपासून गळा काढून ओरडत फिरायची, आणि नेमका सोमवारी दवाखाना बंद. पकडून ठेवायचं कुठे, म्हणून आम्ही सोमवारी पिंजरा लावत नव्हतो.

“हिचो पण सोमवार आसा काय गो?” काकूंनी विचारलं.

सभेला दोन दिवस उरले तेव्हा, शनिवारी सकाळी, काकूंनी निर्णय घेतला. गटारीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सुकटीचा डबा माळ्यावर टाकून वर जुनी सतरंजी घातली होती, जणू डबा आपणहून उतरून येईल. तो त्यांनी मला काढायला लावला. पन्नास वर्षांत त्यांनी श्रावणात मासळीला हात लावला नव्हता. आजही लावायचा नव्हता, म्हणून हातात प्लास्टिकची पिशवी चढवली, देव्हाऱ्याचा पडदा ओढला आणि लोखंडी तवा ठेवला.

“काकू, मी भाजते ना.”

“तुका नीट भाजूक येयत नाय. आणि पाप लागला तर माका लागांदे, माझा वय झाला.” मग पडद्याकडे बघून त्या म्हणाल्या, “माझ्यासाठी नाय, मांजरासाठी आसा. समजान घे.”

सुकट तापली. श्रावणातल्या शनिवारी, उपाशी सोसायटीत सुकटीचा वास म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही. वास जिन्याने पायरी पायरी चढला. दुसऱ्या मजल्यावर कुणाची तरी स्तोत्राची कॅसेट बंद झाली. चौथ्यावर खिडकी उघडली, आणि बंद झाली नाही. पाचव्या मिनिटाला चेअरमन दारात उभे, कपाळावर भस्म.

“काकू, तुम्हीसुद्धा? लोक व्रतं करतायत वर. काही पावित्र्य?” त्यांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. मला तो संताप वाटला. “किती वेळ राहणार हा वास?”

“तुका सोसत नाय तर नाक धर.”

त्यांनी नाक धरलं नाही. दारात उभं राहून त्यांनी धर्मावर दहा मिनिटं भाषण केलं, आणि भाषणभर त्यांची नजर माझ्या कपाळावर नव्हती, तव्यावर होती.

पिंजऱ्यात वर्तमानपत्र अंथरून आम्ही टोकाला सुकट ठेवली आणि मीटर रूमच्या आडोशाला बसलो. अडीच वाजता तिरंगी आली. रमत आली. जीभ मिशांवरून फिरवत, मध्येच थांबून पंजा चाटत आली. पिंजऱ्याशी बसली, आत बघितलं, आणि सुकटीकडे पाठ करून तोंड धुवायला लागली.

सुकटीकडे पाठ करणारं मांजर मी जन्मात पाहिलं नव्हतं. काकूंनी माझ्याहून जास्त मांजरं पाहिली होती, त्यांनीही नव्हतं.

“प्वाट भरलेला आसा हिचा,” त्या हळूच म्हणाल्या. “कोणतरी खाऊक घालता. आणि दूधभात नाय.”

“मग काय?”

“सुकटीपरास बरा काय असता? ताजी मासळी.”

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि तो विचार सोडून दिला. ताजी मासळी, श्रावणात, आमच्या सोसायटीत? त्यापेक्षा मांजरीने व्रत धरलं हे जास्त पटण्यासारखं होतं. काकूंचा पन्नास वर्षांचा श्रावण मोडला होता आणि तिरंगीचा कान शाबूत होता. रविवारी मांडवाच्या गोंगाटात ती दिसलीच नाही.

सोमवारी संध्याकाळी सभा भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, बारशातून उरलेले फुगे, आणि भाड्याचा स्पीकर, कारण तीस माणसांशी माइकशिवाय बोलणं चेअरमनच्या इभ्रतीला शोभत नाही. त्यांच्या पत्नी पहिल्या रांगेत होत्या. त्या बिचाऱ्या श्रावण लागल्यापासून वेगळी भांडी काढून त्यांचं शुद्ध जेवण करत होत्या. जिन्याच्या रंगाचा विषय झाला, गळतीचा झाला. मग चेअरमन उठले.

त्यांनी सुरुवात पावित्र्यापासून केली. श्रावणात काही घरांतून येणाऱ्या वासाचा उल्लेख केला, नाव घेतलं नाही, फक्त काकूंकडे हात केला. तीस माना वळल्या. यातल्या निम्म्यांच्या खिडक्या शनिवारी उघड्या होत्या, हे मला चांगलं माहीत होतं. काकू मान खाली घालून बसल्या. दोन वर्षांत मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी मला त्या माणसाचा जो तिरस्कार वाटला तो मी अजून जपून ठेवला आहे.

“अकरावं मांजर पकडता आलं नाही, हे मॅडम स्वतः मान्य करतील,” स्पीकर म्हणाला. “तेव्हा ठराव मताला टाकतो.”

त्यानंतर जे झालं त्यातला शेवट मी आधी सांगून टाकते, कारण सभेत पुढे जे एक वाक्य ऐकू आलं, त्यानंतर सांगण्यासारखं काही उरत नाही. ठराव मताला गेला नाही. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दोन वाजता पिंजरा पंप रूमच्या दारात लावला आणि तिरंगी चार मिनिटांत आत होती. आमिष कुणी आणून दिलं, हे काकू विचारेल त्याला सांगतात. शनिवारी ती डावा कान छाटून परत आली आणि आजही सगळ्यांना दहा हात लांब ठेवते, एक माणूस सोडून. चेअरमन अजून तेच आहेत, दुसरं कुणी व्हायला तयार नाही. पंप मात्र आता वॉचमन तपासतो.

तर चेअरमन म्हणाले, “जे बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत,” आणि गाड्यांच्या मधून तिरंगी आली. सकाळपासून उपाशी, गळा काढून ओरडत. माणसाच्या सावलीला न थांबणारी ती मांजरी तीस जणांमधून सरळ चालत पुढे गेली. चेअरमनच्या पायांना एक वेढा घातला. त्यांनी पाय बाजूला घेतला, तिने दुसरा वेढा घातला. त्यांनी माइक छातीशी धरून बारीक आवाजात ‘हाड’ म्हटलं. तिने मागच्या पायांवर उभं राहून दोन्ही पंजे त्यांच्या मांडीवर ठेवले, नखं रुतवली, वर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि लांबलचक म्याव केलं, जसं रोजच्या माणसाकडे बघून करतात. आणि स्पीकरमधून, पार पलीकडच्या इमारतीपर्यंत, स्पष्ट ऐकू आलं:

“अगं सोमवार आहे ना आज, सोमवारी मी कधी आणतो का बांगडा?”