तीस टक्के पांढरा

दसऱ्याच्या दिवशी दुपारी एक वाजता बैठकीच्या खोलीतल्या टाकीतले लेदर कोरल, म्हणजे एक मऊ प्रवाळ, बंद होते. रोज अकरा वाजता टाकीवरचा दिवा लागला की ते उघडू लागते आणि साडेबारापर्यंत पूर्ण उघडते. त्या दिवशी ते उघडले नाही. वहीतली नोंद अशी आहे: 'दु. १.०० बंद. ४.०० बंद. रा. ९.०० दिवा बंद.'

टाकी समुद्री आहे, पाणी समुद्राचे नाही. सोलापुरात आमच्या भागात चार-पाच दिवसांतून एकदा नळाला पाणी येते. ते गाळणीतून काढायचे आणि त्यात पार्सलने येणारे मीठ मोजून मिसळायचे. गाळणीतून वाया जाणाऱ्या पाण्याने फरशी पुसली जाते. चार वर्षांपूर्वी टाकीत नऊ जाती होत्या. मागच्या दोन उन्हाळ्यांत आठ मेल्या. उरले ते हे एक. अंगठ्याएवढा तुकडा पुण्याहून एका परिचिताने पिशवीत घालून दिला होता, तो आता बशीएवढा झाला होता. आकार अळंबीसारखा. उघडले की वरच्या छत्रीवर शेकडो बारीक धागे उभे राहतात. बंद असताना ते चामड्याचा तुकडा वाटते.

माझे वडील, अण्णा, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचा आणि पुन्हा चालू करून द्यायचा, हे काम. मागांच्या आवाजाने कान गेले. आता टीव्ही ऐकू येत नाही, गप्पा ऐकू येत नाहीत. दिवा लागला की ते टाकीपुढे खुर्ची घेऊन बसतात आणि कोरल उघडेपर्यंत उठत नाहीत. पूर्ण उघडले की टॉवेलच्या फाशांना म्हणायचे तसे म्हणतात, "लूप उभं राहिलं," आणि जेवायला येतात. त्यांच्या दिवसात याखेरीज ठरलेले असे फारसे काही उरलेले नाही. म्हणून ते कोरल जगणे आवश्यक होते.

कोरल बंद राहण्याची पहिली शक्यता मला माहीत होती. लेदर कोरल वर्षातून काही वेळा अंगावरची मेणासारखी साय टाकते, तेव्हा चार-सहा दिवस बंद असते. वहीत पूर्वीच्या तशा पाच नोंदी आहेत. मी थांबलो.

तिसऱ्या दिवशी साय दिसली नाही. पाण्याची तपासणी केली. खारटपणा, तापमान, क्षार, सगळे नेहमीचे. तपासणी पुन्हा केली. तेच आकडे आले. मी सव्वीस वर्षे एका दैनिकाच्या डेस्कवर काढली आहेत. दोनदा तपासलेला आकडा छापायला हरकत नसते. पण आकडे बरोबर होते आणि कोरल बंद होते, आणि यातून कोणतीच बातमी निघत नव्हती.

चौथ्या दिवशी दिव्याकडे आलो. दिव्यात तीन रंग आहेत: निळा, पांढरा, जांभळा. प्रत्येकाची टक्केवारी मोबाईलवरच्या ॲपमधून ठरवता येते. कोरलच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते आणि त्या शेवाळाला उजेड लागतो. उजेड कमी पडला तर कोरल तपकिरी होते आणि दिव्याकडे मान ताणते. जास्त झाला तर शेवाळ निघून जाते आणि कोरल पांढरे पडते. एप्रिलपासून ते तपकिरी होत, ताणत चालले होते. मी पांढरा बारावरून पंधरा केला, मग अठरा, मग बावीस. सप्टेंबरमध्ये तीस. प्रत्येक वेळी ते सुधारले. प्रत्येक नोंद तारीख-वेळेसह आहे. अकराव्या पानापासून पुढे नुसत्या त्याच नोंदी आहेत.

ॲपमध्ये पांढरा तीसच दिसत होता. वेळापत्रकही तेच. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वीज तासभर गेली होती. घड्याळ मागे पडले असेल म्हणून वेळापत्रक पुसून नव्याने भरले. त्याची छापील प्रत काढून टाकीशेजारी चिकटवली. प्रिंटरवर खंडेनवमीचे हळदकुंकू अजून तसेच होते. ते बोटाला लागून कागदावर उमटले, म्हणून प्रत दुसरी काढावी लागली.

पाचव्या दिवशी बायकोला विचारले, "दिव्याच्या ॲपला हात लावला होतास का?"

"मला दुसरे उद्योग नाहीत का?" ती म्हणाली. "हा प्रश्न काल विचारून झालाय तुमचा."

"खात्री करतोय."

"दिवसभर त्या टाकीपुढं कोण बसतं? मी का? ज्याला विचारायचं त्याला विचारा की."

मी तो टोमणा समजलो. अण्णांकडे बटणांचा फोन आहे. त्यात ॲप नाही. विचारले नाही.

त्याच संध्याकाळी पुण्याच्या परिचिताला फोन केला. तो पंधरा वर्षे समुद्री टाक्या ठेवतो.

"पांढरा किती ठेवलायस?" त्याने विचारले.

"तीस."

"तीस? अरे, तीस म्हणजे तिन्हीसांजा. माझ्याकडं पंचावन्न आहे."

"उन्हाळ्यात वाढवला की सुधारत होतं."

"मग तेच मागतंय ते. दे की थोडं. कंजूषपणा कशाला?"

मी पांढरा छत्तीस केला.

सहाव्या दिवशी कोरल बंद. छत्री आक्रसून कडेने वळली होती. अण्णांनी खुर्ची उचलून गॅलरीत नेली.

"आज बसणार नाही?" मी मोठ्याने विचारले.

"बंद दुकानापुढं बसून काय करू?" ते म्हणाले. रस्त्याकडे तोंड करून बसले.

सातव्या दिवशी कडेचा रंग फिका झाला. आठव्या दिवशी खिडकीच्या बाजूची कड पांढरी पडली. पांढरे पडणे म्हणजे उजेड जास्त. पण कमी उजेडावर ते बंद झाले होते, आणि जास्त उजेडावर पांढरे पडत होते. दोन्ही खरे कसे असेल, याचा मेळ बसत नव्हता. पांढरा पुन्हा तीसवर आणला. वहीत लिहिले, 'कारण अस्पष्ट.' अशी ओळ कोणा वार्ताहराने दिली असती तर मी बातमी परत पाठवली असती.

पुण्याला पुन्हा फोन केला. "पांढरं पडतंय? मग कमी कर," तो म्हणाला. तू वाढव म्हणाला होतास, असे सांगितल्यावर तो म्हणाला, "तुझ्याकडचा तीस मला इथून कसा दिसणार?"

फोन ठेवल्यावर लक्षात आले की तो तीस मलाही दिसत नव्हता. मला ॲपमधला आकडा दिसत होता. टाकीवर किती उजेड पडतो हे मी सप्टेंबरनंतर मोजलेच नव्हते. मोबाईलमध्ये उजेड मोजायची सोय आहे. टाकीच्या काठावर पेन्सिलची फुली आहे, तिथे मोबाईल ठेवून मोजायचे.

नवव्या दिवशी, दुपारी बारा वाजता, मोजले. सप्टेंबरमध्ये पांढरा तीस असताना जो आकडा होता, त्याच्या दीडपटीहून जास्त आला. पुन्हा मोजले. तेवढाच. बायकोचा मोबाईल मागून घेतला.

"आता माझ्या फोनवर संशय?"

"तुझ्या फोननं माझ्या फोनची खात्री करतोय."

तिच्या मोबाईलवर आकडा थोडा वेगळा होता, पण दीडपटीहून जास्तच होता.

दिवा खाली सरकला असेल म्हणून टेपने उंची मोजली. पाण्यापासून बारा इंच, वहीत आहे तेवढीच. मग स्टूल घेतले. स्टूलवर चढल्याशिवाय दिव्याची वरची बाजू दिसत नाही.

दिव्याच्या पाठीवर मधोमध वाळलेले हळदकुंकू होते. अंगठ्याने ओढलेले. शेजारी अक्षतांचे दोन दाणे.

खाली वाकून काच पाहिली. काच स्वच्छ होती. ज्या दोन दांड्यांना दिवा टांगला आहे, त्यांच्या बेचक्यात पांढरा पापुद्रा होता. तिथे फडके पोचले नव्हते.

पुढचे जुळवायला वेळ लागला नाही. टाकीचे पाणी तापू नये म्हणून एप्रिल ते सप्टेंबर दोन पंखे पाण्यावर वारा मारत होते. पाण्याचे तुषार उडून दिव्याच्या काचेवर मीठ बसत होते. पापुद्रा वाढेल तसा उजेड कमी होत होता. कोरल तपकिरी होत होते आणि मी टक्केवारी वाढवत होतो. सहा महिने मी मिठाच्या पापुद्र्यातून उजेड ढकलत होतो. नोंदी सगळ्या होत्या. काचेची एकही नव्हती.

खंडेनवमीला मी सकाळच्या एसटीने मोडनिंबला गेलो होतो. चुलतभावाच्या दुकानाची पूजा होती. परत आलो तेव्हा स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, प्रिंटर आणि अण्णांचे जुने पाने या सगळ्यांवर हळदकुंकू होते. दिव्याच्या पाठीवर मी पाहिले नाही.

गॅलरीत गेलो.

"अण्णा, दिवा पुसला होता का?"

"काय?"

"दिवा! टाकीवरचा! पुसला होता का?"

"व्हय. खंडेनवमीला. सकाळी बंद असतो की त्यो, तवाच पुसला. लई मीठ बसलं हुतं. नखानं निघंना. वल्ला पंचा लावून ठिवला अर्धा तास, मग निघालं."

"सांगितलं नाही?"

"सांगायचं काय त्यात? अवजार पुसल्याबगर कुंकू लावत्यात व्हय?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. "का? बिघडला?"

"नाही. दिवा चांगला आहे."

पांढरा दहावर आणला. निळा सत्तरवरून चाळीसवर. फुलीवर मोजले. सप्टेंबरच्या आकड्यापेक्षा थोडे कमी आले. ते तसेच ठेवले.

दहाव्या दिवशी सकाळी पुण्याच्या सांगण्यावरून कोरलची मेलेली कड नव्या ब्लेडने कापली. अण्णा मागे येऊन उभे राहिले होते. कापून झाल्यावर त्यांनी विचारले, "काय झालं हुतं त्याला?"

"उजेड जास्त झाला होता."

"कुणी केला?"

"मी. छत्तीस केला होता."

हे खरे होते. अण्णांनी भिंतीवरचा छापील कागद वाचला. मग दिव्याकडे पाहिले.

"छत्तीस कधी केलास?"

"पाचव्या दिवशी."

"बंद तर दसऱ्यापासनं हाय. मी हितंच बसलो हुतो की. खंडेनवमीलाबी अर्धंच उघडलं हुतं." त्यांनी बोट दिव्याच्या काचेकडे केले. "मी पुसलं, त्यानं झालं."

मी ब्लेड धूत होतो. 

"अरं, काच पुसली की उजेड वाढणारच. मागाचंबी तसंच असतंय. पुसला, तेल घातलं की मोकळा होतो. मग ताण परत जुळवावा लागतो, न्हाईतर सूत तुटतंय. जनमभर तेच केलं मी." त्यांचा आवाज चढला होता. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे किती चढवला हे त्यांना कळत नाही. "पुण्याला इचारलंस. हिला दोनदा इचारलंस. नऊ दिवस घरात वही घेऊन फिरतोयस. मला इचारलं असतंस तर पयल्याच दिवशी सांगितलं असतं की!"

"मी म्हटलं होतं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"ती काय म्हणाली?" अण्णांनी मला विचारले.

"तुम्हाला विचारायला सांगितलं होतं म्हणे."

"मग?"

मी सांगितले की तुमच्याकडे ॲप नाही म्हणून विचारले नाही. त्यांना 'ॲप' ऐकू आले नाही. पुन्हा सांगितले. ते गॅलरीत गेले.

त्यानंतर पांढरा चार दिवसांनी एक टक्का, याप्रमाणे वाढवला. बाराव्या दिवशी कोरलने साय टाकली. चौदाव्या दिवशी मधले धागे बाहेर आले, तांदळाच्या दाण्याएवढे. सोळाव्या दिवशी ते पुन्हा आत गेले. पाण्याचे आकडे बरोबर होते. काच स्वच्छ होती. दिव्याला कोणी हात लावलेला नव्हता; या वेळी दोघांनाही विचारले. कारण मिळाले नाही. अठराव्या दिवशी धागे परत आले.

वहीत एक रकाना वाढवला आहे: काच पुसली, कोणी, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. काच दर सोमवारी पुसायची, असे अण्णांनी ठरवले. त्या रकान्यातल्या पहिल्या दोन नोंदी त्यांच्या अक्षरात आहेत. मोबाईल फुलीवर ठेवून आकडा मी मोठ्याने वाचला, त्यांनी दोनदा विचारून लिहिला.

दिवाळीच्या पाडव्याला अण्णांची खुर्ची परत टाकीपुढे होती. पांढरा तेरा होता. दुपारी एक वाजता कोरल उघडे होते. खिडकीच्या बाजूची, कापलेल्या जागेलगतची तीन बोटे रुंदीची कड बंद होती.