दहाचा पाना

दुपारचं जेवण बसवंत मिस्त्रीच्या अंगावर आलेलं आहे. गॅरेजच्या पत्र्याखाली, कुठल्याशा गाडीच्या काढून ठेवलेल्या सीटवर तो लवंडतो. समोर मगदूम मास्तरांची गाडी उभी आहे, सकाळीच चौघांनी ढकलत आणलेली. सव्वा महिन्यापूर्वी पहाटे मास्तरांच्या छातीत कळ आली आणि ही गाडी काही केल्या सुरू झाली नाही. मास्तरांच्या बायकोनं, काकूंनी, फोन केला, तेव्हा बसवंतनं पांघरुणातूनच सांगितलं, "बॅटरी गेली असंल, दुसरी गाडी बघा." दुसरी गाडी येईपर्यंत मास्तर गेले. सकाळपासून त्यानं बॉनेटला हात लावलेला नाही. हातावरची माशी हाकलता हाकलता त्याचा डोळा लागतो.

"बसू, उभा राहा."

तो उभा राहतो. पत्रा आता शाळेचा आहे, वर्ग सातवीचा. बाकांवर पोरं नाहीत, नुसती दप्तरं. फळ्यापुढे तीच गाडी आणि स्टिअरिंगवर मगदूम मास्तर, अंगात घामानं चिंब झालेली बंडी.

"किल्ली फिरवली की काय होतं?"

"नुसतं टक् वाजतंय, मास्तर."

"दिवे?"

"लागत्यात आन् जात्यात."

"मग गाडी सुरू का होत नाही?"

"बॅटरी गेली असंल."

"बघितलीस?"

बसवंतची मान खाली जाते. गृहपाठ न केलेल्या पोराची जाते तशीच, फक्त ही मान पन्नाशीची आहे. पायाखाली मास्तरांचं अंगण आहे, पहाटेचा गारठा आहे. काकू फोन कानाला लावून दारात उभ्या आहेत, आणि मास्तर किल्ली फिरवतायत. टक्. टक्.

"मी अजून इथंच बसलोय रे. सुरू होत नाही तर का होत नाही, ते तरी सांग."

बसवंत मागं वळतो. पळावं, तर पाय उचलत नाहीत. शेवटी तोंडून निघतंच, "बॅटरीची वायर सैल हाय, मास्तर. आदल्या दिवशी मीच काढली हुती. लावताना दहाचा पाना घावंना, म्हणून हातानंच आवळली. उद्या घट्ट करू म्हटलं."

मास्तर किल्लीवरचा हात काढतात.

"मला कळलं. पण तुझ्या काकूला कोण सांगणार?"

ते बसवंतच्या तळव्यावर काहीतरी थंडगार ठेवतात आणि त्याची बोटं मिटतात. घट्ट, अगदी दुखेपर्यंत.

"बसू, काय झालतं रं गाडीला?"

तो दचकून उठतो. गॅरेजच्या दारात काकू उभ्या आहेत. उन्हातून चालत आल्यात, डोक्यावर पदर आहे. बसवंत मूठ उघडून बघतो. हात रिकामा. पण तळव्यात दहाचा आकडा रुतल्यासारखा उमटलाय, लालभडक.

तो गाडीकडे जातो आणि बॉनेट उचलतो. बॅटरीच्या कडेला, धुळीत, त्याचा दहाचा पाना पडलेला आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेजारची वायर बोट लावताच हलते.

गाडी जुनी झाली होती, एवढं म्हटलं तरी काकूंनी मान डोलावली असती. तो पाना उचलतो आणि काकूंकडे वळतो.

"काकू," तो म्हणतो, "बॅटरी चांगली हुती."