बारा सारखे छकडे आणि माझं एरंडेल

हसायचं असेल तर बायांनो, आत्ताच पोटभर हसून घ्या. शेवटापर्यंत हसू टिकेल याचा भरवसा मी देत नाही. सासरी दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारी मी. पण धाडच्या मैदानात, गर्दीसमोर, मी तोंड उघडलं आणि अख्खा शंकरपट बुडवला!

शंकरपट म्हणजे आमच्या वऱ्हाडातली बैलजोड्यांची शर्यत. हलका छकडा, दोन बैल आणि वर जीव मुठीत धरून बसलेला धुरकरी. एका वेळी दोन जोड्या सोडतात आणि घड्याळातल्या वेळेवरून नंबर लावतात. आमच्या घरचा धुरकरी म्हणजे आमचे हे.

आमच्या भागातल्या एका देशमुखांनी नागपूरला साहेबलोकांच्या घोड्यांच्या शर्यती पाहिल्या आणि डोक्यात किडा घेऊनच परतले. आपल्याकडे हरलेला माणूस काय म्हणतो? "त्याचा छकडाच हलका होता बे!" म्हणून देशमुखांनी ठरवलं, गाजलेल्या बारा जोड्या निवडायच्या आणि एकाच सुताराकडून बारा सारखे छकडे करून घ्यायचे. लाकूड सारखं, चाकं सारखी, रंगही सगळ्यांना हिरवाच. पहिला पट उंद्रीला, म्हणजे आमच्याच गावी. दुसरा धाडला. तिथं जे चार पुढे निघतील, त्यांचा तिसरा लोणारला.

आणि लोणार माझं माहेर.

आईच्या डोळ्यांत पडदा उतरत चालला होता. लग्नात माझं तोंड पदराखाली, मुंडावळ्यांच्या मागं. तिनं मला नवरी म्हणून धड पाहिलंच नव्हतं. अक्षय्य तृतीया जवळ येत होती आणि तिचा निरोप आला होता, "आखाजीपावतर दिसन. पुढचं देवाले ठाऊक." मामंजींच्या कानावर तो गेला, तेव्हा ते म्हणाले, "धाडले जोडी निघाली त लोणारले सगळेच जाऊ, सूनबाईलेबी नेऊ. नाही निघाली त मग दिवाळीले पाहू. कामं पडले हायेत."

झालं! माझं माहेर आता दोन बैलांच्या शेपटीला बांधलेलं.

उंद्रीला आम्ही सातवे आलो. पुरुषांनी चार दिवस चर्चा केली. कोणी म्हणे बैलाला नजर लागली, कोणी म्हणे सरकी कमी पडली. एकानं तर माझ्या पायगुणावरच बोट ठेवलं. मला मात्र बायांच्या गाडीतून स्वच्छ ऐकू आलं होतं. छकडा धावताना नुसता रडत होता. कुर्रर्र, कुर्रर्र! नवं लाकूड, चाकांचा आख कोरडा. वंगणच नाही! पण सातव्या जोडीच्या सुनेनं पुरुषांना अक्कल शिकवायची? मी गप्प बसले.

गप्प बसले, पण माझ्या पेटीत आईनं दिलेली एरंडेलाची शिशी होती. "तळपाय चोळत जा माय, डोळ्याले थंडावा रायते," म्हणून दिलेली. तिनं स्वतः कधी चोळले नसतील.

धाडला आम्ही आदल्या दिवशी पोचलो. पहाटे उठून पाहते तो आमच्या बैलांपासून चार हातांवर हिरवा छकडा उभा. दुसरा कोणाचा असणार? बाया चुली पेटवत होत्या. मी शिशी घेऊन छकड्याखाली शिरले. दोन्ही चाकांच्या फटींतून चिंधीनं तेल मुरवलं, शेवटच्या थेंबापर्यंत. वर आखाला कुंकवाचं बोट टेकवलं आणि म्हटलं, "मले लोणारले ने रे बाबा."

तासाभरानं बाराही छकडे ओढून एका रांगेत लावले आणि देशमुखांनी टोपीतून चिठ्ठ्या काढल्या.

"आत्याबाई, हे काय होऊन राह्यलं?" मी सासूबाईंना विचारलं.

"कोनाले कोनता छकडा, थे ठरून राह्यलं. दर पटाले चिठ्ठी निघते. तुले ठाऊक नाही काय?"

मला कुठून ठाऊक असणार? उंद्रीला चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा मी तीस माणसांच्या भाकरी थापत होते!

माझा छकडा गेला धाडच्या गोविंदाकडे. आणि गोविंदाची जोडी धावणार होती कोणाबरोबर? विचारूच नका.

झेंडी पडली. आमचा छकडा रडत निघाला. गोविंदाचा असा, जणू चाकांखाली लोणी. अर्ध्या बैलानं आम्ही मागं पडलो. दिवसाअखेर गोविंदा पहिला आणि आम्ही पाचवे. चारांत नाही, पाचवे!

मी पदर आणखी खाली ओढला. गोष्ट इथंच संपली असती तर निदान अब्रू राहिली असती. पण कोणाचं तरी लक्ष गोविंदाच्या चाकाकडे गेलं.

"अबे, हे तेल गळून राह्यलं! कोनं माखलं?"

छकड्याला कोणी हात लावायचा नाही, हा देशमुखांचा पहिला नियम. गोविंदा बैलाच्या शिंगावर हात ठेवून शपथ घेऊ लागला. तेवढ्यात एकजण छकड्याखालून ओरडला, "अठी कुकू हाय! हे बाईमानसाचं काम!"

बाराही जोड्यांच्या पुरुषांनी माना वळवून आपापल्या बाया पाहिल्या. सगळ्यांची बोटं मात्र गोविंदाच्या बायकोकडे. ती बिचारी पोटुशी. गोविंदानं चाबूक उचलला.

मग माझे पाय आपोआप पुढं गेले.

"मी लावलं."

देशमुखांनी चष्मा वर केला. "कोनाची सून तू?"

मी मामंजींकडे बोट दाखवलं.

"मंग तेल कोनाच्या जोडीसाठी लावलं?"

"आमच्या."

"त मंग गोविंदाच्या छकड्याले काऊन?"

आधी एकजण हसला, मग दहा, मग सगळं मैदान. बैलसुद्धा हसले असतील. मामंजी मात्र खाली पाहत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या कुंकवासारख्या लाल झालेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

पण हसणं संपल्यावर भांडण पेटलं. कोणी म्हणे पट पुन्हा धावा, कोणी म्हणे उंद्रीलाही तेल होतं. काठ्या निघाल्या. अखेर देशमुख ओरडले, "बंद! माहा पट बंद!" लोणारचा पट झालाच नाही. ते बारा छकडे आता शेणखत वाहतात.

परतीच्या वाटेला लागलो. गाव जवळ आलं तेव्हा यांनी मान न वळवता विचारलं, "तेल उरलं काय?"

"नाही."

"बरं झालं."

दिवाळीला मला माहेरी पोचवलं. आई ओट्यावर बसली होती. पावलांच्या आवाजावरून तिनं ओळखलं, मग दोन्ही हातांनी माझं कपाळ, नाक, हनुवटी चाचपली. "भरली वं तू," म्हणाली. माझ्या अंगावर लग्नातलं हिरवं लुगडं होतं. तिला सांगावं लागलं.

तिचा एक पाय दुखत होता आणि मलाही रडू लपवायला काही तरी काम हवं, म्हणून मी काशाची वाटी आणि घरातलं एरंडेल घेऊन तिचा तळपाय घासायला बसले. घासता घासता धाडचं सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. मी अर्धी शिशी जिरवली.

मग ती हळूच म्हणाली, "माय, एक सांगू? दुखते थो पाय डावा हाय. तू मघापासून उजवाच घासून राह्यली."