दोन स्विच आणि पुण्याची गाडी

आमच्या डेटा सेंटरमध्ये प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना लेबल असते. हा नियम माझा आहे आणि त्यावरून माझी पुरेशी चेष्टा झालेली आहे. किश्श्यांना मात्र कोणी लेबल लावत नाही. रॅकच्या मागे जादा केबल साठाव्यात तसे ते साठत जातात आणि एक ओढायला गेले की पाच बाहेर येतात! परवा एका मैत्रिणीने सहज विचारले, "दोन स्विच निवडायला चार महिने? करत काय होता तुम्ही?" तेव्हापासून ओढणे चालू आहे.

कोअर स्विच म्हणजे भिंतीवरचे बटण नव्हे. डेटा सेंटरमधल्या सगळ्या यंत्रांचे बोलणे ज्या चौकातून जाते, तो चौक. तो बंद पडला तर गाव बंद. म्हणून असे दोन चौक ठेवतात. एक कोसळला तर वाहतूक दुसऱ्यातून जावी आणि कोणाला कळूही नये, ही अपेक्षा. आमचे जुने स्विच या परीक्षेत डिसेंबरात नापास झाले. पहिला बंद पडला आणि दुसरा नुसता बघत राहिला! आमच्या भरवशावर चालणाऱ्या एका हॉस्पिटलचे नोंदणीचे काउंटर ठप्प झाले, रांग रस्त्यापर्यंत गेली आणि त्या रांगेत आमच्या चेअरमनसाहेबांच्या वहिनी होत्या.

चेअरमनसाहेब म्हणजे आण्णा. घरी कानडी, बाहेर मराठी. आण्णा चर्चा मराठीत करतात आणि निर्णय कानडीत देतात, हे सगळ्या ऑफिसला पाठ आहे. "ब्याड", म्हणजे "नको", एवढे म्हणाले की विषय संपला.

त्या दिवशी ते अजून मराठीत होते. "मॅडम, सगळं उचलून पुण्याला भाड्याच्या जागेत टाकू या. न्हाय तर नवीन स्विच आणा, माझ्यासमोर त्यातला एक बंद करा, आणि हॉस्पिटलला कळलं न्हाय पायजे. मग बघू."

पुण्याला गेले तर आम्ही अकरा जण घरी. शिवाय मी पुण्याची नोकरी सोडून सोलापुरात परतले होते ती "हे काम इथेही तितकेच चांगले होऊ शकते" असे चारचौघांत म्हणून. ते वाक्य सिद्ध करण्यासाठी माझ्याजवळ दोन स्विचइतकीच जागा होती.

*

मी तीन पुरवठादारांना बेचाळीस प्रश्न पाठवले. एकाचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. प्रत्येक प्रश्नापुढे एकच शब्द: "कम्प्लाइड." अट पूर्ण!

मला आनंद होण्याऐवजी संशय आला. प्रश्न एकतीस असा होता: "आपल्या यंत्रातल्या तीन ज्ञात उणिवा लिहा."

उत्तर: "कम्प्लाइड."

मी फोन केला आणि तीन उणिवा कोणत्या, असे नम्रपणे विचारले. मग तो गृहस्थ खरोखर हादरलेल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्ही वाचलंत?"

*

उरले दोघे. दोन्ही यंत्रे कागदावर तंतोतंत सारखी. मी रकान्यांचा तक्ता घेऊन बसले होते, तेवढ्यात आमचे खरेदी अधिकारी देशपांडे आले. देशपांडे आधी अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात खरेदी पाहायचे. त्यांनी तक्त्याकडे ढुंकूनही न बघता एक यंत्र दोन्ही हातांनी उचलले, ठेवले, मग दुसरे उचलले.

"हा साडेनऊ किलोचा. हा चौदाचा. चौदावाला घ्या की!"

मी म्हटले, "देशपांडे, हा टॉवेल नाही."

"ते दिसतंय मला. पण टॉवेलात वजन म्हणजे माल. साडेचार किलो कुठं गेले, एवढंच विचारा त्यांना."

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी मला स्विचचे वजन करायला सांगितले नव्हते. केवळ त्यांना गप्प करावे म्हणून मी विचारले. साडेचार किलो सापडले! हलक्या यंत्रात वीज घेणारा पॉवर सप्लाय एकच होता. दुसऱ्यासाठी जागा होती, पण तो "ऑप्शनल" होता आणि हा शब्द माहितीपत्रकात मुंगीएवढ्या अक्षरांत होता.

माझ्या तक्त्यात आता "वजन" असा रकाना आहे. देशपांडे येता-जाता तो बोटाने दाखवतात.

*

तरीही हलक्या यंत्राला एक न्याय्य संधी द्यावी म्हणून मी त्यांना डेमोला बोलावले. पुण्याहून एक टायवाला तरुण आला. टेबलावर दोन स्विच, पडद्यावर चाळीस स्लाइड.

"एक बंद पडला तर दुसरा शून्य सेकंदात काम सुरू करतो," तो म्हणाला.

"करून दाखवा."

"मॅडम, डेमोमध्ये वायर काढत नाहीत."

"मग कधी काढतात?"

तेवढ्यात आमचे वॉचमन मामा आत आले. मामा केम गावचे. पाहुण्याची रजिस्टरवर सही राहिली होती, ती घ्यायला आले होते. खोलीतला उकाडा त्यांना बघवला नाही. त्यांनी कोपऱ्यातला फॅन ओढला, बोर्डातला एक प्लग उपटला आणि फॅनचा लावला.

एक स्विच मेला. मी घड्याळ लावले. दुसऱ्याने काम सुरू करायला सत्तेचाळीस सेकंद घेतले.

"असं कसं कुणी मधेच काढतं?" टायवाला ओरडला.

मामा फॅनपुढे उभे राहून शांतपणे म्हणाले, "सायेब, हितं लाईट बी इचारून जात न्हाय."

दुसऱ्या आठवड्यात चौदा किलोवाले आले. मी दारातच सांगितले, "आमच्याकडे एक मामा टेस्ट असते." मामांनी इस्त्रीचा गणवेश घालून एका स्विचच्या दोन्ही वायरी समारंभपूर्वक उपटल्या. घड्याळाचे बटण दाबेपर्यंत दुसरा स्विच कामाला लागलेला होता!

*

निवड झाली असे मी जाहीर करणार, तेवढ्यात नरसय्या म्हणाले, "थांबा की मॅडम, वारा बघू."

नरसय्या आमचे एसी आणि वीज सांभाळतात. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात आणि पिढ्यान् पिढ्या माग चालवतात. स्विचने थंड हवा पुढून आत घ्यावी आणि गरम हवा मागे सोडावी, असा आमच्या खोलीचा नियम. कंपनीच्या कागदावर तसे छापलेलेही होते. नरसय्यांनी खिशातून सुताचा एक धागा काढला, पेन्सिलीला बांधला आणि यंत्राच्या पुढच्या जाळीसमोर धरला. धागा जाळीला चिकटायला हवा होता. तो उलटा उडून त्यांच्या नाकाला लागला.

"मॅडम, ह्ये मशीन माझ्या तोंडावर गरम वारा सोडायलंय की!"

पंखे उलटे बसवून पाठवले होते. म्हणजे एप्रिलच्या सोलापुरात हे यंत्र बाकीच्या यंत्रांनी सोडलेली गरम हवा पिऊन जगणार होते. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, "पण कागदावर बरोबर आहे, सर."

"कागूद गरम होत न्हाय ओ," नरसय्या म्हणाले.

आठवड्यात पंखे बदलून आले. धागा जाळीला चिकटला. नरसय्यांनी तो तिथेच राहू दिला. अजून आहे.

*

आता जो किस्सा सांगायचा आहे तो माझ्याविरुद्ध जातो, पण गाळला तर काटेकोरपणाच्या माझ्या सगळ्या गप्पा खोट्या ठरतील.

आमच्याकडे यूपीएस दोन. प्रत्येक स्विचची एक वायर पहिल्याला, दुसरी दुसऱ्याला जोडायची, म्हणजे एक यूपीएस गेला तरी चालते. मी स्वतः लेबले लिहिली: अ, ब, अ, ब. आण्णांसमोरच्या चाचणीला तीन दिवस असताना नरसय्या म्हणाले, "एकदा हात लावून बघू का?"

"नरसय्या, लेबल आहे."

"लेबल वाचून माग चालत न्हाय. धागा धरून जायला लागतंय."

ते रॅकच्या मागे गेले. एक वायर चिमटीत धरली आणि ती न सोडता टोकापर्यंत चालत गेले. मग दुसरी. मग तिसरी. मग चौथी. चारही वायरी एकाच यूपीएसला जात होत्या! तो यूपीएस गेला असता तर माझे दोन्ही चौक एका झटक्यात अंधारात.

नरसय्यांनी वायरी बदलल्या, हात पुसले, लेबलांकडे पुन्हा एकदा आदराने पाहिले आणि म्हणाले, "अक्षर मात्र लई सुंदर हाय, मॅडम."

त्या संध्याकाळी मी सगळ्या वायरी स्वतः चिमटीत धरून चालले.

*

चाचणीच्या दिवशी आण्णा अकरा वाजता आले. भाड्याच्या जागेचा करार पुण्यात सहीसाठी तयार होता आणि खाली मल्लू ड्रायव्हर गाडीचा एसी चालू ठेवून बसला होता. बाहेर ऊन असे की होटगी रोडवर कुत्रेही दिसत नव्हते.

"अर्धा तास," आण्णा म्हणाले. "साडेअकराला मी निघणार."

मी त्यांना आधी सर्व्हर रूममध्ये नेले. हा पहिला स्विच, हा दुसरा, हा नरसय्यांचा धागा. रॅकच्या मागे उभे राहून मी मिनिटभर समजावून सांगितले. बोलता बोलता माझ्या हातात दोन काळ्या वायरी आल्या होत्या. "आण्णा, हे जरा धरता का?" असे म्हणून मी त्या त्यांच्या हातात दिल्या आणि दार लावून घेतले.

मग आम्ही मीटिंग रूममध्ये येऊन बसलो. टेबलावरच्या फोनचा स्पीकर चालू होता आणि पलीकडे त्याच हॉस्पिटलचे नोंदणी काउंटर. तिथली मुलगी प्रत्येक पेशंटची नोंद कॉम्प्युटरवर झाली की पुढचा नंबर पुकारत होती. काउंटर अडकले तर ते आम्हाला त्याच क्षणी ऐकू येणार होते.

"नंबर सत्तावीस!"

चहा आला. देशपांडे, नरसय्या आणि दारात मामा. कोणी कोणाकडे बघत नव्हते. आण्णा चहा पीत होते आणि मोकळ्या हाताने मांडीवरच्या वायरी गुंडाळत, सोडत होते.

"नंबर एकतीस! आजी, इकडं या, इकडं."

आण्णांनी बशी खाली ठेवली. घड्याळ पाहिले.

"नंबर चौतीस!"

"मॅडम," आण्णांचा आवाज चढला, "चहा झाला, बिस्किटं झाली. हॉस्पिटल झकास चाललंय, ते मला बी ऐकू यायलंय. आता बंद करा की तुमचा तो स्विच! किती वेळ टाळणार?"

मी म्हटले, "आण्णा, तुमच्या हातात काय आहे?"

आण्णांनी मांडीकडे पाहिले. एक वायर उचलली, तिचे एक टोक पाहिले, मग दुसरे पाहिले. दोन्ही मोकळी, आणि दोन्हींवर माझ्या अक्षरात पहिल्या स्विचचे लेबल. दारातून मामांचा खोकला ऐकू आला.

"नंबर पस्तीस!"

आण्णांनी खिशातून मोबाइल काढला.

"मल्लू," ते म्हणाले, "पुणे ब्याड. गाडी सावलीला लाव."