आमच्या टेबलावरचा गोंद

आमच्या सेंटरवर फोडलेल्या प्रत्येक वस्तूचा डबा ठरलेला आहे. तांबं निळ्या डब्यात, प्लास्टिक पिवळ्यात, बॅटरी लाल डब्यात. पण वस्तू देताना माणसं जे बोलतात, ते कुठल्या डब्यात टाकायचं हे ट्रेनिंगमध्ये कुणीच सांगितलं नाही! मग ते माझ्याकडेच साठत गेलं. घरी नवऱ्याला सांगायला जाते, पण तो टेलर. मशीनच्या आवाजात त्याला निम्मंच ऐकू येतं. म्हणून तुम्हाला सांगते.

आधी आमचं काम काय ते ऐका. ज्या कंपनीनं फोन, टीव्ही, टॅबलेट विकला, तिनंच तो जुना झाला की परत गोळा करायचा, दुरुस्त होत असेल तर करायचा, नाहीतर नीट सुटा करून त्यातला माल पुन्हा वापरात आणायचा, असा सरकारी नियम आहे. आता कंपनीचे साहेब काही दारोदार फिरत नाहीत. ते आमच्यासारख्या सेंटरला काम देतात. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात आमची शेड आहे.

रुक्माक्का माझ्या शेजारच्या स्टुलावर बसते. साठीची आहे, अक्षरओळख नाही, पण डोळे मिटून हातात फोन दिला तर कुठल्या कंपनीचा ते सांगते. तिनं हा नियम मला पहिल्याच दिवशी एका वाक्यात समजावला होता. "ज्यानं जन्माला घातलं, त्यानंच म्हातारपणी बघायचं. एवढंच गं सुनी!"

माझी चिन्नू साडेतीन वर्षांची आहे. आधी मी घरीच एका भंगारवाल्याच्या वायरी जाळून तांबं काढून द्यायची. एकच खोली, त्यातच धूर, त्यातच पोर. रात्रंदिवस खोकायची. सेंटरवर आले ते मागच्या बाजूला पाळणाघर आहे म्हणून. खोकला थांबला. पण जोवर आईचं टेबल चालू, तोवरच पोराला जागा, असा नियम.

आणि मागच्या वर्षी आमच्या टेबलावर एका कंपनीचे नवे टॅबलेट यायला लागले. आत बॅटरी गोंदानं अशी चिकटवलेली की सुटता सुटेना! कंपनीचं पत्र आलं. 'तुमचं टेबल फार वेळ घेतंय. दसऱ्यानंतर आमचा माणूस घड्याळ घेऊन येईल. एका टॅबलेटला सहा मिनिटं. जमलं नाही तर माल दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या मशीनमध्ये जाईल.' मशीन उघडत-बिघडत नाही, सरळ चुरा करतं.

तेव्हापासून ती सहा मिनिटं माझ्या डोक्यात बसली ती बसलीच. आता सांगते ते सगळे किस्से त्या सहा मिनिटांसकटचे आहेत, हे ध्यानात ठेवा.

* * *

शनिवारी मी गाडीबरोबर वस्तू गोळा करायला जाते. ड्रायव्हर मंजण्णा एकटा गेला की बायका दार उघडत नाहीत, म्हणून मी.

बसवनगुडीत एका आज्जींचा मोठ्ठा जुना टीव्ही न्यायचा होता. आज्जींनी टीव्हीला हळदीकुंकू लावलं, वर जाईचा गजरा ठेवला, उदबत्ती ओवाळली. मंजण्णा उचलायला गेला तर, "स्वल्प निधान, अण्णा!" म्हणजे जरा हळू. जिन्यावरून उतरताना तर आज्जी टीव्हीच्या डोक्यावर हात धरून चालत होत्या.

त्या माझ्या कानात म्हणाल्या, "तिकडे नीट ठेवाल ना?"

आता मी काय सांगू? हातोडा कुठे मारायचा ते मला चांगलं ठाऊक! मी आपली मान हलवली.

गाडी सुरू झाली. कोपऱ्यापर्यंत गेलो तर आरशात आज्जी दिसल्या. पदर खोचून पळत येतायत! मंजण्णानं करकचून ब्रेक लावला. मला वाटलं, मन बदललं.

आज्जींनी धापा टाकत खिडकीतून रिमोट आत दिला. "हा राहिला होता! तिकडे उठून चॅनल कोण बदलणार?"

* * *

कोरमंगलाच्या एका पीजीत राहणाऱ्या पोरानं फोन दिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच सेंटरवर हजर! "अक्का, माझ्यासमोर फोडा. आतलं काही म्हणजे काही उरता कामा नये."

आम्ही मेमरीचा भाग गिऱ्हाइकासमोर फोडून सर्टिफिकेट देतो. त्याच्यासमोर फोडला. पोरगा तुकड्यांकडे असा बघत होता की मीच त्याला पाण्याचा ग्लास दिला.

"सर्टिफिकेटवर 'कायमचं' असं लिहाल का?" त्यानं विचारलं. प्रकाश सर आमचे मॅनेजर, मवाळ माणूस. त्यांनी लिहूनही दिलं.

पुढच्या आठवड्यात हा परत आला. तोच शर्ट, पण तोंड उजळलेलं! "अक्का, हे सर्टिफिकेट परत घ्या. फोटो तेवढे काढून द्या. आमचं परत जमलं!"

रुक्माक्कानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "फोटो गेले, बाळा. मुलगी आहे ना? मग इथं काय करतोयस? जा की तिच्याकडे!"

* * *

मारतहळ्ळीला आयटीवाल्यांची उंच बिल्डिंग. चौदाव्या मजल्यावरच्या मॅडम पुण्याच्या निघाल्या. मी मराठी बोलते ऐकून त्यांना एवढा आनंद झाला की प्रिंटर राहिला बाजूला, आधी पोहे आले!

"हा एकदम डेड आहे हो," मॅडम म्हणाल्या.

मंजण्णाला उगाच हात घालायची सवय. त्यानं झाकण उघडलं, दोन बोटं आत घातली आणि हिरवा खडू बाहेर काढला. लहान मुलाचा रंगीत खडू! बटण दाबलं. प्रिंटरनं घर्रर्र करत एक कागद बाहेर टाकला.

मी खूश झाले. वापरात राहिलेली वस्तू म्हणजे आमच्या कामातलं सगळ्यात चांगलं काम. म्हटलं, "मॅडम, चालतोय की! ठेवा घरातच."

मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं आणि आवाज अगदी बारीक केला. "अहो, नवा ऑर्डर केलाय मी. मिस्टर घरातच आहेत. प्लीज, तो खडू परत आत घाला ना!"

* * *

पाळणाघरातल्या टीचरनी मला बोलावलं. मी हातातलं टाकून पळत गेले. चिन्नू पडली? खोकली? काही गिळलं?

"तसं काही नाही. पण तुमची मुलगी सगळ्यांचे डबे उघडते."

"खाते?"

"खात नाही हो! चपात्या सगळ्या एका डब्यात, चित्रान्नाचा भात दुसऱ्यात, लोणचं तिसऱ्यात. लोणच्याला कुणी हात लावला की ओरडते."

मी चिंता करणारी बाई. दोन रात्री झोपले नाही. हे काही आजाराचं लक्षण तर नाही? शेवटी डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी छाती तपासली, छाती स्वच्छ होती. मी सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

मी सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन बंद केलं. "मग सुट्टीच्या दिवशी माझ्या क्लिनिकची कपाटं लावायला पाठवा तिला!"

* * *

आयुधपूजेला इथं प्रत्येक जण आपल्या हत्यारांची पूजा करतो. आम्हीही केली. स्क्रूड्रायव्हर, पकडी, काटा, मंजण्णाची गाडी, सगळ्यांना कुंकू, झेंडू. रुक्माक्का मात्र ते गोंदवाले टॅबलेट घेऊन बसली. एकेकाला बोटानं कुंकू लावत सुटली. वीसच्या वीस!

प्रकाश सर म्हणाले, "अक्का, फोडायच्या मालाची पूजा करतात का?"

"तुमच्या घड्याळवाल्याला मी ओळखत नाही. ह्यांनाच सांगतेय, लवकर उघडा रे बाबांनो!"

आता गंमत अशी की, माल फोडायच्या आधी प्रत्येक खेपेचे फोटो कंपनीला पाठवावे लागतात. सणाच्या गडबडीत तेच फोटो गेले. सुट्टी संपल्यावर कंपनीच्या ऑफिसातून तातडीचा मेल आला. 'सर्व वीस नगांवर लाल द्रवाचे डाग दिसत आहेत. बॅटरीतून गळती झाली आहे का? कामगार सुरक्षित आहेत का? शेड रिकामी केली का?'

प्रकाश सरांनी सकाळभर डोकं धरून उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी दोनच ओळी पाठवल्या. 'गळती नाही. सण होता.'

* * *

आणि मग घड्याळवाला आला.

त्याआधी आम्ही काय कमी खटपट केली? रुक्माक्कानं भाचीच्या ब्यूटी पार्लरमधून हेअर ड्रायर आणला. हलकीशी ऊब दिली की गोंद नरम पडतो. मग मेट्रोचं जुनं कार्ड फटीत घालून बॅटरी हळूहळू सोडवायची. घाई केली, बॅटरी वाकली, तर पेट घेईल, म्हणून शेजारी वाळूची बादली. असं करत करत पंचवीस मिनिटांवरून मी अकरावर आले होते. पण पाहिजे होती सहा.

हे घड्याळवाले कार्तिक सर तिशीचे असतील. बोलायला गरीब. मोबाईलवर घड्याळ लावलं, म्हणाले, "सरी, सुरू करा." सरी म्हणजे बरं.

पहिला टॅबलेट, अकरा मिनिटं. दुसरा, साडेदहा. तिसऱ्याला मी घाई केली आणि कार्डच मोडलं. मागून पाळणाघरातल्या मुलांचा गलका ऐकू येत होता. मला वाटलं, संपलं. वायरीवाल्या भंगारवाल्याचा नंबर आहे का अजून फोनमध्ये?

कार्तिक सरांनी पिशवीतून फॉर्म काढला. त्यात चार रकाने होते. टॅबलेटचा नंबर, लागलेला वेळ, उशिराचं कारण, आणि शेवटचा 'जबाबदार व्यक्ती'. म्हणजे माझं नाव.

"अडचण नेमकी कुठे येते?" त्यांनी विचारलं.

"गोंद फार आहे, सर."

"फार नाही. मोजूनच ठेवलाय."

रुक्माक्कानं वर बघितलं. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"ही बॅटरीची जागा मीच डिझाइन केलीय," ते म्हणाले. जरा अभिमानानंच म्हणाले.

रुक्माक्का उठली, स्टूल पदरानं पुसलं आणि पुढे सरकवलं. "मग बसा की, सर."

प्रकाश सरांचा चेहरा पांढराफटक पडला! पण कार्तिक सर बसले. मी त्यांना चष्मा दिला, हातमोजे दिले. आमचे बायकांचे हातमोजे त्यांना मनगटापर्यंतही पोचेनात. त्यांचा मोबाईल रुक्माक्कानं हातात घेतला. तिला आकडे येत नाहीत, म्हणून माझ्यासमोर धरला.

"तू सांगत जा गं."

सहा मिनिटं झाली तेव्हा काचही निघाली नव्हती.

"दहा," मी हळूच म्हटलं.

"मोठ्यानं सांग! त्यांना ऐकू जायला नको?"

पंधराव्या मिनिटाला त्यांचा अंगठा कापला. पाळणाघरातल्या टीचरनी येऊन पट्टी लावली. मुलांसाठीची, पिवळ्या बदकांची. विसाव्याला चहा आला. रुक्माक्कानं दटावून प्यायला लावला, "गार होतो, घ्या आधी!" तिसाव्या मिनिटाला त्यांनी घामेजलेला शर्ट खांद्यापाशी ओढला आणि मला विचारलं, "अक्का, ते मेट्रो कार्ड कसं धरता?"

मी दुसरं कार्ड घेऊन धरून दाखवलं.

कुणी हसलं नाही. शेडमधल्या सगळ्याच जणी हातातलं काम ठेवून बघत होत्या. मला तर त्यांची दया येत होती आणि भीतीही वाटत होती. चारचौघांत तोंडावर पडलेला साहेब जास्त चिडतो, असं माझं मन सारखं म्हणत होतं.

बॅटरी निघाली. जरा वाकलीच होती, ती मी पटकन वाळूत ठेवली. कार्तिक सर उठले. त्यांचे कान लाल झाले होते. मोबाईल घेतला, फॉर्म पुढे ओढला आणि उभ्या उभ्या लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. मग आम्हा दोघींना हात जोडले, फॉर्म प्रकाश सरांच्या हातात देत म्हणाले, "माल इथेच येत राहील," आणि गाडीत जाऊन बसले.

प्रकाश सरांनी फॉर्म वाचला. परत वाचला. मग माझ्यासमोर ठेवला.

"काय लिहिलंय गं?" रुक्माक्कानं विचारलं.

'उशिराचं कारण' मध्ये लिहिलं होतं, गोंद. आणि शेवटच्या रकान्यात माझं नाव नव्हतंच. त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. पूर्ण, बापाच्या नावासकट, आणि खाली सही. मी वाचून दाखवलं.

रुक्माक्कानं त्या सहीवर बोट टेकवलं.

"आणि वेळ किती लिहिला?"

"एक तास चार मिनिटं."

ती पदर खोचत दाराकडे पळाली. "अगं थांबव त्यांची गाडी! चहाची तीन मिनिटं कापायची राहिली बिचाऱ्याची!"