दोन अंगठ्यांचं कार्ड

वकिलाकडे खटले साठतात, डॉक्टरकडे पेशंट साठतात. पेटंटचं काम करणाऱ्याकडे मात्र नुसते किस्से साठतात, कारण पेटंट मिळायला वर्षं लागतात आणि तोवर आमचा अशील स्वस्थ बसत नाही.

जळगावात पिंप्राळ्याला माझं ऑफिस आहे. खाली किराणा दुकान, वर मी. कोणी काही नवीन शोधलं की ते कागदावर नीट मांडायचं, मुंबईच्या कार्यालयात अर्ज करायचा आणि तिथला तपासनीस ज्या शंका काढेल त्यांना उत्तरं द्यायची, हा माझा धंदा. बोर्डावर 'पेटंट एजंट' असं लिहिलंय. त्यातलं पेटंट कोणाला कळत नाही, एजंट मात्र सगळ्यांना बरोब्बर कळतो.

परवा एक गृहस्थ आले. आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो टेबलावर ठेवून म्हणाले, "भरिताचं पेटंट काढायचंय. वांगी भाजायची आमच्या घराची एक पद्धत आहे."

"भरीत तर अख्खा खानदेश करतो," मी म्हटलं.

"करू द्या. उद्या पेटंट हातात आलं की सगळ्यांना बंद करू."

उद्या! मी म्हटलं, काका, यात वर्षं जातात. त्यांनी झेरॉक्स उचलली, फोटो उचलले आणि जिन्यावरून खाली उतरता उतरता म्हणाले, "पॅन कार्डवाला बरा. तो बोलतो कमी आणि कार्ड देतो."

असे फुटकळ किस्से रोजचेच आहेत. पण धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजाच्या एकाच केसने मला इतके दिले, की बाकीच्या अशिलांनी वाईट वाटून घ्यावं.

* * *

त्या कॉलेजात सोनवणे सर इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. शिकवतात चांगलं, म्हणूनच वर्षानुवर्षं कॉन्ट्रॅक्टवर आहेत. उन्हाळा आला की त्यांची नोकरी संपते आणि पाऊस आला की पुन्हा सुरू होते. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब. त्यांनी एका भाषणात भर सभेत सांगून टाकलं होतं, "जो कॉलेजला पेटंट मिळवून देईल, त्याला मी पर्मनंट करीन." भाषणात बोललेलं कोणी मनावर घेत नाही, हे बिचाऱ्या सरांना माहीत नव्हतं.

सर शिरपूरकडचे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातले. त्यांच्या वडिलांना, आबांना, कोणीतरी फोनवर गोड बोलून फसवलं आणि खातं साफ केलं. त्यावरून सरांनी पेमेंटचं एक कार्ड तयार केलं. त्यावर नंबर छापलेला नाही आणि पिनही नाही. दोन ठरलेल्या माणसांनी एकापाठोपाठ एक अंगठा ठेवला तरच त्यातून पैसे जातात, एकट्याच्या अंगठ्याने काही होत नाही.

"ताई, एकाला कोणीही फसवतं," सर मला म्हणाले. "पण नवरा-बायकोला एकाच वेळी, एकाच गोष्टीसाठी राजी करणारा चोर अजून जन्माला यायचाय."

मी त्या वाक्यावरच केस घेतली.

* * *

कार्डाची पहिली चाचणी सरांनी गावी आई-आबांवर केली. दोघांना शेजारी बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. आबांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "मंग मी बाजारमा जासू, तं हिना अंगठाबी संगे लई जाऊ का?"

आई म्हणाली, "नुसता अंगठा कसाले? मी बठ्ठीच येस ना." बठ्ठी म्हणजे अख्खी.

आबांनी कार्ड अलगद खाली ठेवलं. "कार्ड चांगलं शे," ते म्हणाले. "पन माले नको."

* * *

अर्ज भरायची वेळ आली तेव्हा प्राचार्यांनी संशोधकांची नावं पाठवली. सगळ्यात वर प्राचार्य स्वतः, मग विभागप्रमुख, मग दादासाहेबांचे चिरंजीव, मग आणखी काही प्रतिष्ठित मंडळी. सोनवणे सर सगळ्यात शेवटी होते, लग्नपत्रिकेत चिमुकल्यांची नावं असतात तसे.

मी प्राचार्यांना फोन केला. म्हटलं, सर, कायद्याने ज्याने शोधलं त्याचंच नाव घालता येतं.

"अहो, आम्ही जागा दिली, वीज दिली. हे योगदान नाही का?"

"मग वीज कंपनीचं नाव घालू?"

पलीकडे प्राचार्य कोणाला तरी वीज कंपनीचं पूर्ण नाव विचारू लागले. ते खरोखर विचार करत होते, आणि मला हसावं की रडावं ते कळेना.

शेवटी मी अट घातली, की प्रत्येकाने आपण काय शोधलं ते दोन ओळींत लिहून द्यायचं. संध्याकाळपर्यंत बहुतेक नावं आपोआप गळाली. प्राचार्यांनी दोन ओळींत 'मार्गदर्शन' हा एकच शब्द मावेल तितका मोठा लिहिला आणि ते टिकले. चिरंजीवांचा मात्र मला फोन आला.

"मॅडम, ते दोन ओळींचं लिहायला बसलोय. मी नेमकं काय शोधलंय, तेवढं सांगता का?"

त्या सगळ्या मंडळीत प्रामाणिक असा तो एकटाच निघाला.

* * *

नियमाप्रमाणे दीड वर्षाने अर्ज सरकारी जर्नलमध्ये छापून येतो. त्यात विशेष काही नाही. आमच्याकडे असा अर्ज आलाय, एवढंच सरकार जगाला सांगतं. तपासणी तर त्यानंतर सुरू होते.

कॉलेजच्या फाटकावर दुसऱ्या दिवशी भलामोठा फ्लेक्स लागला. 'पेटंट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' त्यावर दादासाहेबांचा फोटो पुरुषभर उंच, प्राचार्यांचा कमरेएवढा आणि सोनवणे सरांचा खालच्या कोपऱ्यात, बांबू बांधायला भोक पाडतात त्याच्या शेजारी. सत्काराला मलाही बोलावलं होतं. मी प्राचार्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की अहो, मिळालं नाही अजून, फक्त छापून आलंय. उद्या नामंजूर झालं तर?

"तर काय? फ्लेक्स काढू."

"आणि मिळालं तर?"

"मिळालं तर दुसरा सत्कार. शाल तीच आहे."

आणि खरंच, ती शाल सत्कारानंतर शिपायाने घडी घालून कपाटात नेऊन ठेवली. सोनवणे सर नारळ मात्र घरी घेऊन गेले.

* * *

मग तपासनिसाचा अहवाल आला. अहवाल म्हणजे हरकती. त्यातली मुख्य हरकत अशी, की बँकेच्या लॉकरला पहिल्यापासून दोन किल्ल्या असतात, एक बँकेची आणि एक गिऱ्हाइकाची. मग दोन अंगठ्यांत नवीन ते काय?

प्राचार्य जळगावला धावत आले. धावत म्हणजे आमच्या हायवेवरून जितकं धावता येतं तितकं. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "पास व्हायला किती मार्क लागतात?"

मी म्हटलं, यात मार्क नसतात, उत्तर द्यावं लागतं. कार्ड जगात नवीन आहे, हे पटवावं लागतं.

"जगाचं सोडा, धुळ्यात तर कोणाकडेच नाही!"

मी पाणी पुढे केलं. पाणी पिऊन ते मूळ मुद्द्यावर आले. "तपासनीस कोणत्या गावचे? आडनावावरून काही नातं निघतंय का? मामेकुळाकडून तरी?" आमच्या खानदेशात माणसाचं गाव कळलं, की त्याच्या साडूपर्यंत पोचायला एक चहा पुरतो. मी सांगितलं, की ते दक्षिणेकडचे दिसतात, साडू मिळणार नाही.

"मग रावेरची केळी पाठवू या का? दोन घड?"

"सर, त्याला लाच म्हणतात."

"केळीला?" प्राचार्य खरोखर दुखावले. "केळीला कोणी लाच म्हणत नाही, मॅडम. केळी म्हणजे केळी."

मी त्यांना लेखी उत्तर पाठवलं जाईल असं सांगितलं आणि घरच्या वाटेला लावलं. सोनवणे सर यातल्या कशातच नव्हते. ते रोज फोन करून एवढंच विचारायचे, "ताई, होईल ना?" त्यांच्या मुलीची शाळेची फी दर वर्षी नेमकी त्यांची नोकरी सुटलेल्या महिन्यात येते, हे मला माहीत होतं. त्यामुळे "होईल" म्हणताना माझा आवाज दर वेळी जरा जास्तच मोठा निघायचा.

* * *

लेखी उत्तराने समाधान झालं नाही, म्हणून सुनावणी लागली. ती व्हिडिओवर असते. कॉलेजने मीटिंग हॉल सजवला. फुलदाणी, मागे सरस्वतीची तसबीर, मध्यभागी दादासाहेब, बाजूला प्राचार्य. सोनवणे सर इतके कडेला बसले होते, की कॅमेऱ्यात त्यांचा एकच कान येत होता.

अधिकाऱ्यांनी हिंदीतून सरळ प्रश्न टाकला, की लॉकरपेक्षा वेगळं काय ते सांगा. प्राचार्यांनी घसा साफ केला आणि संस्थेच्या स्थापनेपासून सुरुवात केली. मुलींचं वसतिगृह झालं, क्रिकेटचं मैदान झालं, आवारात लावलेल्या कडुनिंबांपर्यंत गाडी आली तेव्हा अधिकारी शांतपणे म्हणाले, "पेड़ों की जानकारी मिल गई. अब कार्ड?"

मी म्हटलं, सोनवणे सर, सरका मध्ये. दादासाहेबांना खुर्ची हलवावी लागली, ते त्यांना आवडलं नाही.

सर म्हणाले, "साहेब, लॉकरची किल्ली हरवली तर बँक कुलूप फोडून नवं बसवते. म्हणजे खरा मालक एकच. माझ्या कार्डात एकाला दुसऱ्याचा अंगठा काढून टाकता येत नाही. अंगठा बदलायचा तर जुने दोन्ही लागतात. आणि हे कुठल्या प्रोग्रॅमवर चालत नाही, कार्डातली जोडणीच तशी केली आहे. ज्याने बनवलं त्यालाही मागचं दार नाही."

"और एक गुज़र गया तो?"

"तर कार्डही संपलं. पैसे बँकेत आहेतच. नवं कार्ड घ्यायचं."

अधिकारी जरा वेळ कागद चाळत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "ये तो पूरी शादी है, प्रोफेसर साहब."

काही महिन्यांनी पेटंट मंजूर झालं. मी सरांना फोन केला तेव्हा ते नुसते नाक ओढत राहिले. मीही मग थोडी रडून घेतली.

* * *

आता शेवटचा किस्सा.

पेटंट आलं, पण सरांची पर्मनंटची ऑर्डर काही येईना. दादासाहेब म्हणायचे, पुढच्या मीटिंगला घेऊ. पुढच्या मीटिंगला कोरम नसायचा, त्याच्या पुढच्या मीटिंगला कोरम असायचा पण विषय राहून जायचा. बोललेला शब्द गिळायची काही लोकांना इतकी सवय असते, की त्यांना पाणीही लागत नाही. माझा संताप संताप व्हायचा.

तशातच जळगावच्या एका पतसंस्थेचे चेअरमन कांतिशेठ यांनी कार्ड बघायला धुळ्याला यायचं ठरवलं. शेठ मारवाडी घरातले, तीन पिढ्या भांड्यांचा व्यापार. पसंत पडलं तर सगळ्या सभासदांसाठी घेणार होते. दादासाहेबांनी मोठा कार्यक्रम लावला. शाल कपाटातून निघाली आणि प्राचार्यांच्या खांद्यावर गेली. सोनवणे सर मागच्या रांगेत माझ्या शेजारी बसले होते.

प्रात्यक्षिक करायला स्टेजवर मशीन ठेवलेलं होतं. दादासाहेबांनी कोट सावरला, कार्ड मशीनला लावलं आणि अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. प्राचार्यांनी अंगठा ठेवला, पुन्हा लाल. दोघांनी अंगठे धोतराला, पँटीला पुसून पाहिले. लालच.

"आमच्यात माल आधी घरी वाजवून बघतात, मग गिऱ्हाइकाला दाखवतात," कांतिशेठ समोरून म्हणाले.

मग मागच्या रांगेतल्या माणसाची आठवण झाली. सर वर गेले आणि त्यांनी अंगठा ठेवला. पिवळा दिवा लागला.

"हं, आता दुसरा कोणाचा?" दादासाहेबांनी विचारलं.

"बायकोचा आहे, साहेब. बनवलं तेव्हा घरात तीच होती."

"मग तो काढ आणि माझा घाल."

"काढायलाही तिचाच लागतो."

प्राचार्य सरांच्या कानाशी लागले, पण समोरचा माईक चालू होता. "अहो, तुम्हीच बनवलंय ना? आतून काहीतरी सोय असेलच की."

"असती तर पेटंट मिळालं नसतं, सर."

दादासाहेबांनी हसू आणलं. "वहिनींना बोलवून घ्या मग. देवपूरला तर राहता, दहा मिनिटांचं काम." सरांनी फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडून वैशाली वहिनींनी आधी एवढंच विचारलं, "ऑर्डर हातमा पडनी का?"

"नाही अजून," सर म्हणाले.

दादासाहेबांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. "वहिनी, पाहुणे खोळंबलेत. जरा पटकन या."

"येस ना, दादासाहेब. रिक्षा दारशी उभीच शे. तुमनी ऑर्डरवर सही व्हयनी, का मी बसनूच समजा."

दादासाहेब प्राचार्यांकडे बघत होते आणि प्राचार्य शालीच्या काठाकडे. कांतिशेठ मात्र खुर्चीतून पुढे सरकले, टेबलावरचं कार्ड उचलून त्यांनी दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं आणि परत ठेवलं.

"करा सही, दादासाहेब," ते म्हणाले. "कार्ड एकदम पक्कं आहे."